अस्त्राचा उपसंहार

खेळात नीती शोधू नये, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. आणि खेळ पडद्यावरच्या मारामारीचा असला म्हणजे तर तेथे नीतीचा लवलेशही नसावयाचा, असे आपण विचार न करताच ठरवून टाकतो. माझाही समज असाच होता. परंतु ‘कराटेका’ नावाचा एक जुना संगणकखेळ नुकताच खेळून पाहण्याचा योग आला, आणि तो समज मला सोडावा लागला.

जॉर्डन मेक्नर याने येल विद्यापीठात शिकत असताना हा खेळ रचला. १९८४ मध्ये तो ‘ॲपल टू’ या संगणकासाठी प्रसिद्ध झाला. पुढे १९८९ मध्ये त्याच कर्त्याचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ आला, आणि धाकट्याच्या कीर्तीत थोरला झाकोळून गेला. २०२३ मध्ये ‘द मेकिंग ऑफ कराटेका’ या नावाने मूळ खेळ त्याच्या जन्मकथेसह पुन्हा निघाला, म्हणून माझ्यासारख्याच्या तो दृष्टीस पडला.

कथा अगदी साधी आहे. अकुमा नावाच्या दुष्ट सरदाराने मारिको या युवतीला आपल्या गडावर कोंडून ठेवले आहे. नायक कडा चढून वर येतो व एकेका पहारेकऱ्याशी झुंजत आत शिरतो. तो ताठ उभा राहिला तर त्याला धावता येते. पण त्या स्थितीत शत्रूचा एकच तडाखा बसला की तो गतप्राण होतो. युद्धाचा पवित्रा घेतला तर तडाखे सोसता येतात. मात्र पाऊल जपून, एकेकच टाकावे लागते. शंका आली की हात वर, हा धडा खेळणारा लवकरच शिकतो. अखेर अकुमा पडतो. मारिको समोर उभी असते. सवयीने त्याच पवित्र्यात नायक तिच्याकडे सरकला, तर ती एका लाथेत त्याला ठार करते! ताठ उभा राहून, मोकळ्या हातांनी जो जवळ जातो त्यालाच ती आलिंगन देते.

हा कर्त्याचा खोडसाळपणा झाला, असे कोणी म्हणेल. ज्या सावधपणाने नायक इथवर तगला, त्याच सावधपणाबद्दल त्याला मृत्युदंड का? आक्षेप सबळ दिसतो खरा. पण क्षणभर मारिकोच्या जागी उभे राहून पाहावे. नायकाचा हेतू तिला दिसत नाही. दिसतो तो उगारलेला हात, आणि तसाच हात तिने अकुमाचाही पाहिला आहे. हेतू आपल्या अंतःकरणात असतो. दुसऱ्याच्या वाट्याला येतो तो आपला पवित्रा.

महाभारतकारांना हे ठाऊक होते. सौप्तिकपर्वात अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही अस्त्र सोडतात. व्यास व नारद मध्ये उभे राहताच अर्जुन आपले अस्त्र आवरून घेतो. अश्वत्थाम्याला ते आवरता येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाते. अस्त्र सोडण्याची विद्या दोघांपाशी होती. त्याचा उपसंहार करण्याचे सामर्थ्य एकापाशीच होते.

भिवंडीत वावरणाऱ्याला हा प्रश्न केवळ पुराणातला किंवा पडद्यावरचा वाटावयाचा नाही. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली सोसल्या. दंगल काही दिवसांत शमते. पवित्रा मात्र वर्षानुवर्षे राहतो, अगदी शेजाऱ्याच्या दाराशी जातानाही. त्याला नुसते नावे ठेवण्यात अर्थ नाही. बेसावध माणूस एका तडाख्यात कसा जातो, हे लोकांनी येथे डोळ्यांनी पाहिले होते. म्हणूनच ‘हात खाली घ्या’ हा कोरडा उपदेश अशा ठिकाणी व्यर्थ जातो. आधी कोणी घ्यावा, हाच तर खरा प्रश्न असतो.

१९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी येथे मोहल्ला समित्या उभारल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी पोलिसांसह एकत्र बसू लागले व गल्लीतले बारीकसारीक तंटे तेथेच मिटवू लागले. १९९२ च्या डिसेंबरात आणि १९९३ च्या जानेवारीत मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. याचे सगळे श्रेय समित्यांचेच काय, याविषयी मतभेद होऊ शकेल. तथापि त्यांनी एक गोष्ट निश्चित साधली: दोघांनी एकाच वेळी हात खाली घ्यावेत अशी जागा त्यांनी निर्माण केली. एकट्याने हात खाली घेणे हे साहस आहे, आणि सर्वांकडून साहसाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. पण अशी जागा राखणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

खेळात चुकलेल्याला कड्यापासून पुन्हा प्रारंभ करता येतो. गावाला ती सवलत नाही. शेवटच्या दालनात मी पहिल्यांदा पोचलो तेव्हा मारिकोपुढे कोणत्या पवित्र्यात गेलो, हे सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच. तीस वर्षे नीतिशास्त्र शिकवूनही हात आपोआप वरच राहिले होते.