गाजाने पाडलेले खांब आणि टेस्लाचे स्वप्न

नोव्हेंबर 2018 मध्ये 'गाजा' चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकले आणि कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे आपल्या व्यंकोजीराजांच्या तंजावरच्या मुलखात, लाखाहून अधिक विजेचे खांब आडवे झाले. पट्टुक्कोट्टैकडच्या नारळबागा तर गेल्याच. खेड्यांतले पंप आणि दिवे सुरू व्हायलाही कित्येक दिवस लागले. शेजारच्या राज्यांतून वायरमनच्या तुकड्या आणाव्या लागल्या. असे वादळ आले की एक संदेश हमखास फिरू लागतो: टेस्लाने बिनतारी वीज केव्हाच शोधली होती, ती दडपली गेली, आता अनुनादाच्या तंत्राने ती परत आली आहे, खांब विसरा.

दडपशाहीची कहाणी एक वेळ सोडून देऊ. अनुनाद (एकाच कंप्रतेला जुळलेल्या दोन वेटोळ्यांतली ऊर्जेची देवाणघेवाण) म्हणजे लांब पल्ला, ही समजूत मात्र मुळातच चुकीची आहे.

फॅरेडेचे विद्युत-प्रवर्तन आणि टेस्लाने बिनतारी विजेसाठी उभारलेला, 1917 मध्ये पाडलेला वॉर्डनक्लिफचा मनोरा वाचकांना ठाऊकच आहे. 1960 च्या दशकात छातीत बसवलेल्या उपकरणांना त्वचेतून वीज देण्याचे प्रयोग झाले, तेही निर्विवाद आहेत. वाद आहे तो 2007 च्या प्रयोगाबद्दल. एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने दोन मीटरवरचा 60 वॅटचा दिवा तारेविना पेटवला आणि 'टेस्लाचे स्वप्न साकार' अशा बातम्या झाल्या. खरे तर ते टेस्लाच्या उलटे होते. टेस्लाला अख्ख्या पृथ्वीत वीज खेळवायची होती. या गटाने ऊर्जा बाहेर फेकायचीच नाही असे ठरवले: ती वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात घोटाळत राहावी, आणि त्याच कंप्रतेचे दुसरे वेटोळे जवळ असेल तर त्याने ती उचलावी. दोन वेटोळ्यांमधली कार्यक्षमता सुमारे 40 टक्के होती. भिंतीतल्या प्लगपासून मोजली तर 15 टक्क्यांच्या आसपास.

वेटोळी साठ सेंटिमीटर व्यासाची होती. तेच प्रमाण धरले, तर उपकेंद्रापासून पाच किलोमीटरवरच्या वाडीसाठी दीड किलोमीटर व्यासाचे एक वेटोळे उपकेंद्रात आणि तेवढेच दुसरे वाडीत लागेल. भाताची खाचरे मग कुठे न्यायची? वेटोळी तीच ठेवून अंतर दुप्पट केले, तर जोडणी साधारण आठपट दुबळी होते.

मग या कल्पनेत खरोखर नवे काय आले? माझ्या मते अंतराचा प्रश्न मागे पडून वाटणीचा प्रश्न पुढे आला, आणि तो आधी न्यूझीलंडमध्ये सुटू लागला होता. ऑकलंड विद्यापीठात जॉन बॉइज आणि ग्रँट कोविक यांनी 1990 च्या दशकात कारखान्यांतल्या गाड्यांसाठी एकाच मार्गावरून अनेकांना वीज द्यायची पद्धत विकसित केली. तिथे एक विचित्र अडचण आली. मार्गाच्या कंप्रतेशी सूर जुळलेली, पण वीज जवळजवळ न घेणारी गाडी बाकीच्यांची वीज अडवू शकते. कावेरीच्या कालव्यावर वरचा शेतकरी पाणी ओढतो म्हणून टेलचा कोरडा राहतो; इथे न ओढणारासुद्धा वाट अडवतो. त्यावर उपाय म्हणजे, ज्याला नको आहे त्याचा सूर नियंत्रकानेच तोडायचा.

सोल्याचिच यांच्या गटाने 2010 मध्ये एका मोठ्या वेटोळ्यावरून दोन लहान उपकरणे चालवून दाखवली. तिथे उलटा अनुभव आला: घेणारे वाढले तर एकूण कार्यक्षमता सुधारू शकते, कारण स्रोतातच जिरणाऱ्या ऊर्जेचा वाटा घटतो. पण घेणारे एकमेकांच्या फार जवळ आले, की त्यांचे सूर सरकतात आणि सगळे पुन्हा जुळवावे लागते. ऑकलंडची आणि एमआयटीची ही निरीक्षणे एकत्र वाचली जात नाहीत, कारण बातमीला दिवा हवा असतो, हिशेब नको असतो.

तंजावरच्या शेतात या तंत्राला जागा आहे, ती वीतभर अंतरावर. वेदारण्यमच्या मिठागरांजवळ उघडी धातूची जोडणी गंजते. चिखलात पुरलेल्या बंद डबीतल्या ओलावामापकाची बॅटरी बाहेरून, झाकण न उघडता भरता आली, तर त्याला अर्थ आहे. तिथे कार्यक्षमता थोडी कमी पडली तरी चालते. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ती सवलत नाही.

वादळाने खांब पाडू नयेत यासाठी त्या किनाऱ्यावर दुसराच उपाय सुरू झाला: नागपट्टिनम, वेलांकण्णी, कडलूर या किनारी गावांत भूमिगत केबलची कामे. म्हणजे तारच, फक्त जमिनीखाली.