तोच असावा

गेली 11 वर्षं मी न्यायालयीन कागदपत्रांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. खालच्या कोर्टात साक्षीदार मराठीत बोलतो, त्याची साक्ष मराठीत नोंदवली जाते. प्रकरण अपिलात वर गेलं, की फिर्याद, पंचनामे, सरतपास, उलटतपास या सगळ्यांचं मिळून जाडजूड पेपर बुक तयार होतं, आणि पुष्कळदा त्याचं इंग्रजी करावं लागतं. अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा उभा राहत नाही. त्याच्या जागी कागद उभा राहतो. त्या कागदावरची भाषा मात्र कधीकधी माझी असते.

काही वर्षांपूर्वी एका खुनाच्या अपिलाचे कागद माझ्याकडे आले. रात्रीची वेळ, गावातली वीज गेलेली, अंगणात झटापट. शेजारच्या म्हातारीने साक्षीत सांगितलं होतं, "तो पाठमोरा पळाला. तोच असावा." मी लिहिलं, ‘इट मस्ट हॅव बीन हिम’. शब्दकोशाला विचारलं तर यात चूक नाही. कागद पाठवून दोन दिवस झाल्यावर मात्र तो ‘मस्ट’ मला टोचायला लागला. ‘असावा’ म्हणणारा मराठी माणूस दार किलकिलं ठेवून बोलत असतो. तर्क करतो, पण पैज लावत नाही. माझ्या इंग्रजीने ते दार लावून टाकलं होतं.

काम ज्यांच्याकडून आलं होतं त्यांना मी फोन केला. "मॅडम, अर्थ तोच आहे ना?" ते म्हणाले. मी ‘हो, तसा तोच’ म्हटलं. ते मला पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं.

शिक्षा कायम झाली. निकालात म्हातारीने आरोपीला ‘ओळखलं’ असं एक वाक्य होतं. इतरही पुरावा होता. ते वाक्य काढून टाकलं असतं तर बाकीची साखळी टिकली असती का, हे मला सांगता येत नाही.

फौजदारी कायद्याचा सगळा डोलारा ज्या अंतरावर उभा आहे, ते अंतर नेमकं या एका शब्दात आहे. 1973 साली, महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या अपिलात न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं, की आरोपी दोषी ‘असू शकतो’ एवढं पुरेसं नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’, आणि या दोहोंमधलं अंतर मोठं आहे. इंग्रजीत ते ‘मे बी’ आणि ‘मस्ट बी’ असं चोख मोजता येतं. मराठीतला ‘असावा’ त्या दोन खांबांच्या मधोमध बसलेला असतो. ‘म्हणे’ या दोन अक्षरी शब्दाचंही तेच. "तो म्हणे तिथं होता" यात ऐकीव माहिती आणि तिच्यावरचा थोडासा अविश्वास दोन्ही येतात. भाषांतरात ‘म्हणे’ गळला, की ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली होते.

मग वाटतं, चूक कागदाचीच आहे. माणूस समोर असता तर त्याची चाचरण, त्याचं थांबणं दिसलं असतं. कायद्यालाही ते माहीत होतं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, साक्ष देताना साक्षीदाराचं वर्तन कसं होतं याविषयी महत्त्वाचं वाटेल ते न्यायाधीशाने नोंदवावं, असं कलम 280 सांगत होतं. मी वाचलेल्या शेकडो साक्षींत अशी नोंद क्वचितच दिसली. आणि दिसली असती तरी काय? कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढलेली बाई थरथरते ती खोटं बोलते म्हणून, की समोर काळे कोट दिसतात म्हणून?

नाशिकजवळच्या 2003 सालच्या दरोड्याचं प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचते ते यासाठी. पाच जणांचा खून झाला होता. भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. साक्षीदारांचे चेहरे या न्यायालयाने पाहिले होते. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. आणि 2019 मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, आपला आधीचा निकाल मागे घेऊन, सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्यांच्याविरुद्ध तपास पुढे गेलाच नव्हता.

म्हणजे चेहरा पाहणारं न्यायालय चुकलं, कागद वाचणारीही चुकली, आणि शेवटी चूक सुधारली गेली तीही कागद वाचूनच. संशय चेहऱ्यात आपोआप दिसत नाही तसा कागदातही आपोआप दिसत नाही. तो दिसावा अशी वाचणाऱ्याची तयारी लागते. पाच प्रेतांसमोर ती तयारी ठेवणं किती अवघड असेल, याची मी कल्पना करू शकते. कुणीतरी दोषी असायलाच हवा, ही गरज फार लवकर ‘हाच दोषी असला पाहिजे’ अशी होते.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. त्याच 1973 च्या निकालात कृष्ण अय्यर यांनी बजावलं होतं, की संशयाच्या फायद्याची अतिरेकी पूजा करू नका. दोषी माणूस सुटणं हाही अन्यायच. आणि त्या अपिलात आरोपीची शिक्षा कायमच झाली होती. 1872 च्या पुरावा कायद्यानेही पूर्ण खात्री मागितली नव्हती. शहाण्या माणसाने जिच्या भरवशावर पाऊल उचलावं इतकी संभाव्यता पुरेशी मानली होती. 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यातही व्याख्या तीच आहे. माझ्या म्हातारीच्या शेजारी राहणारा माणूस खरंच मेला होता. त्याच्या घरच्यांनी माझं ‘असावा’चं पुराण का ऐकून घ्यावं?

त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणता येतं, की संशयाचा फायदा द्यायचा की नाही हे ठरवणं न्यायाधीशाचं काम आहे. तो संशय वाटेत गिळून टाकण्याचा अधिकार मला नव्हता. म्हातारी जेवढं ठाम बोलली त्याहून ठाम मी बोलले, आणि तेही तिच्या तोंडून.

आता ‘असावा’ आला, की मी ‘प्रॉबेब्ली’ लिहिते आणि कंसात मूळ मराठी शब्द ठेवते. काही वकील वैतागतात, पान गचाळ दिसतं म्हणतात. मी ते तसंच पाठवते. त्या जुन्या अपिलाची माझ्याकडची प्रत अजून कपाटात आहे. ‘मस्ट’खाली मी नंतर पेन्सिलने रेघ मारली आहे. ती रेघ कोर्टातल्या प्रतीवर नाही.