ज्ञान शिकवता येते का?

शिकवणे ही कृती आहे आणि समजणे ही घटना आहे. कृती शिक्षकाच्या हातात असते, घटना विद्यार्थ्याच्या मनात घडते. तोच धडा, तोच फळा, तेच शब्द. तरी एकाला कळते आणि शेजारच्याला कळत नाही. म्हणून अध्यापनाची आखणी करणाऱ्या प्रत्येक शास्त्रासमोर एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो : शिक्षकाच्या कृतीने ज्ञान निर्माण होते का? होत नसेल, तर आखणी नेमकी कशाची करायची?

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात हा प्रश्न पेचाच्या रूपात येतो. जे माहीत आहे ते शोधण्याची गरज नाही आणि जे माहीतच नाही ते सापडले तरी ओळखणार कसे? उत्तरादाखल सॉक्रेटिस एका अशिक्षित गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो. बाजू 2 असलेल्या चौरसाची बाजू मुलगा 4 करतो, तेव्हा क्षेत्रफळ 8 ऐवजी 16 होते. मग तो 3 म्हणतो, तेव्हा 9 होते. आपल्याला येत नाही हे कळल्यावरच तो सॉक्रेटिसच्या प्रश्नांमागून कर्णापर्यंत पोहोचतो. संत ऑगस्टिनने इ.स. 389च्या सुमारास ‘दे मॅजिस्त्रो’ या ग्रंथात आणखी टोकाची भूमिका घेतली. शब्द केवळ खुणा आहेत, खरे शिकणे आतल्या प्रकाशात होते आणि बाहेरचा गुरू फार तर तिकडे लक्ष वेधतो, असे त्याचे मत होते. विसाव्या शतकात रॉबर्ट गान्ये यांनी 1965 साली अध्ययनाच्या अटी मांडताना आंतरिक आणि बाह्य अशी विभागणी केली. अध्यापनाचा आराखडा बाह्य अटी जुळवतो. आंतरिक अटी विद्यार्थ्याकडेच असाव्या लागतात.

या प्रश्नाचा सर्वांत पद्धतशीर विचार वेदान्तात झालेला दिसतो, कारण तिथे ज्ञान हेच मोक्षाचे साधन मानलेले आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्य ज्ञान आणि क्रिया यांत भेद करतात. क्रिया पुरुषतंत्र असते. करावी, न करावी किंवा वेगळ्या रीतीने करावी, हे कर्त्याच्या इच्छेवर असते. ज्ञान वस्तुतंत्र असते. डोळे उघडे, उजेड पुरेसा आणि समोर खांब असेल, तर खांबच दिसतो. त्याला माणूस म्हणून पाहायचे ठरवले तर ते ज्ञान राहत नाही, कल्पना होते. यावरून निघणारा निष्कर्ष अध्यापनासाठी महत्त्वाचा आहे. ‘जाण’ अशी आज्ञा देऊन कोणी जाणता होत नाही. दिवा घट तयार करत नाही, अंधार दूर करतो. गुरूचे कामही अडथळे दूर करण्याचे आहे. वेदान्ताची सगळी अध्यापनरचना म्हणजे हे अडथळे कोणत्या क्रमाने दूर करावेत याचा विचार होय.

रचनेची सुरुवात पहिल्या वाक्याच्याही आधी होते. शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट कराव्यात असा संकेत आहे : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात. सदानंदांच्या ‘वेदान्तसारा’त त्यांची नेटकी मांडणी आहे. ग्रंथ कोणासाठी, कशाबद्दल, ग्रंथ आणि विषय यांचे नाते काय, आणि शिकून हाती काय येणार, हे ते चार प्रश्न. आजचा अभ्यासक्रम-आराखडाही विद्यार्थ्याची पूर्वतयारी आणि उद्दिष्टे निश्चित करूनच पुढे जातो.

यांतला ‘अधिकारी’ हा शब्द मात्र दुधारी ठरला. एका अर्थाने तो पूर्वतयारी सांगतो : विवेक, वैराग्य, मनाची शांती आणि मोक्षाची तळमळ. दुसऱ्या अर्थाने तो जन्मावर बोट ठेवतो. ज्या ब्रह्मसूत्रभाष्यात ज्ञान हे इच्छेवर अवलंबून नाही असे ठासून सांगितले आहे, त्याच भाष्यात शूद्राला वेदाध्ययनाचा अधिकार नाकारला आहे. इतिहास-पुराणांची वाट तेवढी मोकळी ठेवली आहे. तयारी नसणे हा अडथळा दूर करता येतो, जन्म हा अडथळाच नाही. हे दोन अर्थ एकत्र बांधल्याने रचनेतच दोष राहिला. तेराव्या शतकात महाराष्ट्रात या दोषावर भाषेच्या वाटेने उत्तर दिले गेले. महानुभाव पंथातल्या केशिराजांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याची परवानगी मागितली, तेव्हा पंथप्रमुख नागदेवाचार्यांनी ती नाकारली. संस्कृतामुळे म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित होतील, हे त्यांचे कारण होते. 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ ओवीत आणला. ज्ञान कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तर बदलले की शिकवण्याची भाषा, उदाहरणे आणि लयही बदलते.

अडथळे क्रमाने कसे दूर करावेत याचा नमुना छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही जातो आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, पण ताठा घेऊन परततो. वडील उद्दालक आरुणी त्याला सिद्धान्त सांगत नाहीत. आधी असा प्रश्न विचारतात की, त्याच्या बारा वर्षांच्या शिक्षणात ती गोष्ट आलीच नव्हती हे त्याला मान्य करावे लागते. पुढे पंधरा दिवस अन्न न घेता फक्त पाण्यावर राहायला लावतात. पंधरा दिवसांनी त्याला वेद आठवेनात, जेवल्यावर आठवतात. मन अन्नमय आहे हे विधान अशा रीतीने त्याच्या स्वतःच्या अनुभवाचे होते.

त्यानंतर ‘ते तू आहेस’ हा मुख्य उपदेश नऊ वेळा येतो, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या प्रसंगाच्या शेवटी. ही घोकंपट्टी नव्हे. श्वेतकेतू दर वेळी आणखी समजावून सांगण्याची विनंती करतो आणि पुढचे उदाहरण नव्या शंकेला धरून येते, असे शंकराचार्य दाखवतात. सगळे जीव झोपेत सत्तत्त्वाला मिळतात, तर त्यांना ते कळत का नाही? म्हणून मधाचे उदाहरण : नाना झाडांचे रस एकदा एकवटले की मी अमक्या झाडाचा, हे भान कोणत्याच रसाला राहत नाही. इतक्या सूक्ष्मातून एवढे स्थूल जग कसे आले? म्हणून वडाचे फळ फोडायचे, त्यातले बी फोडायचे, आणि आत काहीच दिसत नाही हे मुलानेच सांगायचे. जे आहे ते दिसत का नाही? म्हणून रात्री पाण्यात मीठ टाकायचे. सकाळी ते हाताला लागत नाही, पण वरचा, मधला आणि तळाचा घोट खारटच लागतो. पाठ तोच, शंका निराळी आणि म्हणून दृष्टान्त निराळा. पुनरुक्ती फलदायी केव्हा होते, याचे हे उत्तर आहे.

सूक्ष्म गोष्टीकडे एकदम बोट दाखवता येत नाही. त्यासाठी अरुंधतीदर्शनाचा न्याय सांगतात. लग्नात वधूला अरुंधती दाखवताना आधी जवळचा ठळक तारा हीच अरुंधती म्हणून दाखवतात. नजर तिथे स्थिरावली की तो तारा सोडून शेजारच्या अंधूक ताऱ्याकडे नेतात. अध्यारोप आणि अपवाद ही वेदान्ताची पद्धत याच धर्तीची आहे. आधी ब्रह्मावर जगाचे कारणत्व आरोपित करायचे आणि बुद्धी तिथे पोहोचली की तो आरोप मागे घ्यायचा. इथे नैतिक प्रश्न उद्भवतो : पुढे मागे घ्यावे लागणारे विधान शिकवणे प्रामाणिक आहे का? उत्तर गुरूच्या पुढच्या पावलावर अवलंबून आहे. इमारत उभी राहिल्यावर परांची उतरवली जाते. ती तशीच ठेवली तर घराची खिडकी बंद होते. आधुनिक संशोधनातही नवख्याला उपयोगी पडणारे तपशीलवार मार्गदर्शन जाणकाराच्या वाटेत येते, असे आढळले आहे. आधार देणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर काढून घेणेही.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता तीन पायऱ्या सांगितल्या आहेत : श्रवण, मनन आणि निदिध्यासन. श्रवणाने काय सांगितले आहे हे कळते, मननाने ते असेच कसे ही शंका फिटते, निदिध्यासनाने जुनी उलटी सवय सुटते. अज्ञान, संशय आणि विपरीत भावना असे तीन वेगवेगळे अडथळे आहेत, म्हणून उपायही तीन. संशयावर पुन्हा श्रवण किंवा सवयीवर नवा युक्तिवाद लागू पडत नाही. यांतील मुख्य कोणते, यावर मात्र अद्वैतातच दोन पक्ष पडले. विवरण-परंपरेच्या मते श्रवण हेच प्रधान, कारण योग्य शब्दाने थेट साक्षात्कार होऊ शकतो. भामती-परंपरेच्या मते शब्दाने परोक्ष ज्ञान होते आणि निदिध्यासनाने सुसंस्कृत झालेले मन साक्षात्कार घडवते.

विवरण-पक्षाला दशम पुरुषाचा दृष्टान्त जवळचा आहे. दहा जण नदी पार करतात. मोजणारा प्रत्येक जण स्वतःला वगळतो, नऊच भरतात आणि रडारड सुरू होते. वाटसरू आधी सांगतो की दहावा जिवंत आहे, मग मोजणाऱ्याकडेच बोट करतो. पहिल्या वाक्याने धीर येतो. दुसऱ्याने शोध संपतो. विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त या गोष्टीच्या आधारे अज्ञानापासून तृप्तीपर्यंत सात अवस्था उलगडल्या आहेत. शब्दाने थेट ज्ञान होते ते इथे, कारण वस्तू दूर नव्हती. जे दूर आहे किंवा ज्यासाठी हात वळावा लागतो, तिथे एका वाक्याने भागत नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांचा वाद शेवटी विषयाच्या स्वरूपापाशी येऊन थांबतो : पद्धत कोणती, हे काय शिकवायचे आहे यावर ठरते.

रचना उत्तम असूनही शिकणे फसू शकते, हेही परंपरेने नोंदवले आहे. आत्मा जाणून घेण्यासाठी प्रजापतीकडे इंद्र आणि विरोचन बत्तीस वर्षे राहतात आणि दोघांना एकच उत्तर मिळते. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजेच आत्मा, असे समजून विरोचन समाधानाने घरी जातो. इंद्राला वाटेत अडचण दिसते : शरीर आंधळे झाले तर आत्माही आंधळा होईल. तो परततो, पुन्हा परततो, आणि एकूण 101 वर्षांनी शेवटचा उपदेश घेतो. तैत्तिरीय उपनिषदात वरुण आपल्या मुलाला, भृगूला, ब्रह्माचे लक्षण तेवढे सांगतो आणि तपाला पाठवतो. भृगू अन्न, प्राण, मन, विज्ञान असे एकेक उत्तर शोधून दर वेळी परत येतो. वरुण चूक दाखवत बसत नाही, पुन्हा तपाला पाठवतो; आनंदापाशी हा शोध थांबतो. दोन्ही कथांत कसोटी विद्यार्थ्याच्याच हाती आहे. मिळालेले उत्तर अपुरे आहे हे ज्याला जाणवते, तोच पुढे जातो.

या सर्व रचनेत दृष्टान्ताचे स्थान मध्यवर्ती आहे, आणि त्याची शिस्त महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त उत्तम दिसते. पंथसंस्थापक चक्रधरांचे 114 दृष्टान्त केशिराजांनी त्यात तीन भागांत मांडले : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. आधी तत्त्व, मग रोजच्या जगण्यातली गोष्ट, मग गोष्टीतले काय तत्त्वाला लागू होते याचा खुलासा. तिसरा भाग गाळला तर श्रोत्याला गोष्ट लक्षात राहते आणि तत्त्व निसटते. पहिला गाळला तर गोष्टीचे ज्याला जसे वाटेल तसे अर्थ होतात.

ज्ञान शिकवता येते का, याचे वेदान्ताचे उत्तर उद्दालकाच्या सातव्या उदाहरणात आहे. गांधार देशातल्या माणसाला डोळे बांधून ओसाड रानात आणून सोडले आहे. कोणी येऊन त्याची पट्टी सोडतो आणि गांधाराची दिशा दाखवतो. मग तो शहाणा माणूस गावोगाव विचारत घरी पोहोचतो. पट्टी त्याला स्वतःला सोडता आली नसती, म्हणून गुरू हवा. दिशा चुकीची दाखवली असती तर तो आणखी भरकटला असता, म्हणून शिकवण्याची रचना अचूक हवी. आणि वाट मात्र त्याच्याच पायांनी सरते, म्हणून कोणतीही रचना ज्ञानाची हमी देऊ शकत नाही.