झाडाखाली बसायची रीत

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला बीदर, भालकी, औराद, आळंदकडची गावं ओस पडतात. सगळी माणसं शेतात. आमच्याकडे या सणाला येळवस म्हणतात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडव मांडून पूजा करायची, मग भज्जी, उंडे, आंबील, खीर. कुणाला शेत नसेल तर त्याला आग्रहानं बोलावून पंगतीला बसवतात. १९५६ मध्ये हैदराबाद राज्य वाटलं गेलं. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, बीदर म्हैसूरकडे आलं. अमावस्या मात्र दोन्हीकडे तशीच साजरी होते.

अशा घरातला माणूस शहरातल्या बागेत येतो तो गोतावळा आणि भाकरीचं गाठोडं घेऊन. तिथे पाटी असते: हिरवळीवर बसू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत. बाग म्हणजे सकाळी एकट्यानं चार फेऱ्या मारायची जागा, ही कल्पना एका विशिष्ट वर्गाची आहे. तीच सर्वांची म्हणून आराखड्यात उतरते. संशोधक पॉल गॉब्स्टर यांनी शिकागोच्या लिंकन पार्कबद्दल २००२ मध्ये हेच दाखवलं. गोरे लोक बहुधा एकट्यानं किंवा जोडीनं चालायला-पळायला येत. कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि आशियाई कुटुंबं मोठ्या घोळक्यानं, जेवणखाण घेऊन.

आमच्या भागात ओढ बहुतेक पाण्याची आणि सावलीची, आणि तिला श्रद्धेचा आधार. बीदरला शिखांसाठी नानक झिऱ्याचं पाणी, गाणगापूरला दत्तभक्तांसाठी भीमा-अमरजेचा संगम आणि औदुंबर. बीदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या उरुसाला हिंदूही येतात.

पण ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट नाही. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर मज्जाव होता, त्याला देवळाजवळचं तळं कितीही सुंदर असलं तरी तिथे निवांत कसं वाटावं? २००९ मध्ये खुल्या झालेल्या कलबुर्गीच्या बुद्धविहाराचं प्रशस्त आवार मला म्हणूनच मोलाचं वाटतं. तिथे बसायला कुणाची मेहरबानी लागत नाही.

बीदरच्या बरीदशाही कबरींभोवती आज बाग आहे. अली बरीदची कबर तर चारही बाजूंनी उघडी. वारा आरपार जातो. अशा बागांत कडुनिंबाभोवती रुंद पार बांधावेत, पंगत मावेल एवढी जमीन फरशीविना सोडावी, हात धुवायला नळ द्यावा, आणि ती जेवणाची पाटी काढून टाकावी.