चाफ्याचं मूळ

वसईच्या पश्चिमेला, समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक वाडी होती. थोडी केळी, चार माड, मधोमध एक बावखल, म्हणजे लहानसं तळं, आणि त्याच्या काठाने सोनचाफ्याची कलमं. एक बाई ती वाडी सांभाळायची. पहाटे तीनला उठून ती आकडीने फुलं उतरवायची, केळीच्या पानात बांधायची आणि वसई रोडहून लोकल पकडून दादरच्या फूलबाजारात जाऊन बसायची. चाळीस वर्षं तिने हेच केलं. नवरा गेला, मुलं मोठी झाली, शेजारच्या वाड्यांवर इमारती आल्या, कितीतरी बावखलं मातीने बुजली. तिची टोपली सुटली नाही.

बाजारात बसल्या बसल्या गिऱ्हाइकाखेरीज आणखी एका तऱ्हेची माणसं तिच्याकडे यायची. हातात फाइल, डोक्याला रुमाल, बोलणं परगावचं. "टाटाला कसं जायचं?" ती हात वर करून दाखवायची. "पूल चढा, पूर्वेला उतरा, तिथून परळची बस." आणि पुन्हा फुलं मोजायला लागायची.

एका वर्षी पावसाळा संपता संपता एक कलम शेंड्याकडून सुकू लागलं. धाकट्या मुलाला वाटलं, पाणी कमी पडतंय. तो रोज दोन बादल्या ओतायचा. कलम आणखीच मान टाकू लागलं. तेव्हा बाई खुरपं घेऊन बसली आणि बुंध्याची माती हळूहळू बाजूला केली. मुळं काळी पडली होती, बोटाने दाबताच साल हातात येत होती. ती पाण्यानेच कुजली होती.

"मूळ बघितल्याशिवाय पाणी घालू नये, बाबा," ती म्हणाली. कुजलेली मुळं छाटून तिने ते कलम उंचावर लावलं.

त्याच वर्षी थंडीत तिला खोकला लागला. तिने विडी कधी ओढली नव्हती, पण उभी हयात चुलीच्या धुरापुढे गेली होती. खोकला राहीना तेव्हा छातीचा फोटो काढला. डाव्या बाजूला पांढरा डाग दिसला. टीबी असेल, असं ठरलं आणि औषध सुरू झालं. बेडका कोणी तपासला नाही. तीन महिने तिने न चुकता गोळ्या घेतल्या. खोकला तसाच राहिला, पदर मात्र अंगावर सैल होत गेला. एका पहाटे चाफ्याखाली खोकताना रुमालावर रक्त आलं.

मग सीटी स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, सुई घालून तुकडा काढावा लागेल. मुलं घाबरली. सुईने आजार पसरतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. बाईच म्हणाली, "काढू द्या की. उकरल्याशिवाय कळणार कसं?"

तुकड्याचा रिपोर्ट आला तो मोठ्या मुलाच्या हातात. त्याने तो स्टेशनबाहेर उभ्याने वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि घरी येऊन भावाला, बायकोला मागच्या पडवीत बोलावलं. आईला सांगायचं नाही, असं तिघांनी ठरवलं. ती खचेल, जेवण सोडेल. आईला एवढंच सांगितलं, "छातीत पाणी झालंय. परळला मोठे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू."

ठरल्या दिवशी लोकल दादरला थांबली. चाळीस वर्षं ती या स्टेशनात उतरून पश्चिमेला वळली होती. त्या दिवशी मुलाने तिचा दंड धरला आणि पूल चढून तिला पूर्वेला नेलं. उतरताना तिच्या पुढे फाइलवाली, रुमालवाली माणसं चालत होती. बाई काही बोलली नाही. टाटाचं कॅन्सर रुग्णालय १९४१ पासून परळला उभं आहे, तिच्या जन्माच्याही आधीपासून. ती रोज ज्यांना वाट दाखवायची, त्यांच्याच वाटेने आता ती चालली होती.

तिला कळलं. पण मुलाचा चेहरा बघून तिने ठरवलं, याला कळू द्यायचं नाही.

घरात त्यानंतर सगळेच जपून वागू लागले. फाइल कपाटावर पालथी असायची. टीव्हीवर आजाराचं काही लागलं की सून चॅनल बदलायची. बाई हसून नातीला गोष्ट सांगायची. रात्री मात्र तिची पाठ कमरेच्या वर आतून ठणकायची, इतकी की तिला आडवं होता येईना. ती दाराची चौकट धरून उभी राहायची. कोणी जागं झालं तर म्हणायची, "पाणी प्यायला उठले." तीन आठवडे ती असं पाणी पीत राहिली.

पुढच्या खेपेला एक तरुण डॉक्टरीण भेटली. मुलगा बोलू लागला तेव्हा तिने त्याला हातानेच थांबवलं आणि खुर्ची बाईकडे वळवली. "मावशी, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?"

बाईने मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली.

"टाटाला आणलंय म्हणजे कॅन्सर," ती म्हणाली. "यांना वाटतं मला माहीत नाही."

मोठा मुलगा, दोन पोरांचा बाप, त्या खोलीत आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. डॉक्टरीण घाईत होती, बाहेर रांग होती, तरी ती तेवढा वेळ गप्प बसली. मग कागदावर तिने दोन फुफ्फुसं काढली आणि गाठ कुठे आहे ते दाखवलं. विडी न ओढताही हा आजार होतो, ती म्हणाली. इथे येणाऱ्या फुफ्फुसाच्या रुग्णांत निम्म्याच्या आसपास माणसं न ओढणारीच असतात. त्या तुकड्याची आणखी एक तपासणी व्हायची होती. पेशीत ठरावीक बदल सापडला तर रोज एक गोळी, नाही तर सलाइनमधून केमो. आजार मुळापासून जाईल असं तिने सांगितलं नाही. बराच काळ दाबून ठेवता येतो, असं सांगितलं.

"आता दुखतं कुठे, ते सांगा."

बाईने प्रथमच पाठीवर हात ठेवला.

त्याच आठवड्यात मणक्याची तपासणी झाली. आजार हाडात उतरला होता. आणखी उशीर झाला असता तर पायांतली ताकद गेली असती. पाच दिवस किरणांचा शेक दिला, दुखण्याचं औषध सुरू झालं आणि पंधरवड्याने बाई पहिल्यांदा रात्रभर आडवी झोपली. पुढे तुकड्यात तो बदल सापडला. समाजसेवा विभागात बसून मुलांनी पैशांचे कागद केले. गोळी लागू पडली. अंगावर पुरळ आलं, पोट बिघडायचं. तेही ती आता सांगायची. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या रुग्णाला बसता येतं हे तिला दुसऱ्या एका रुग्णाने सांगितलं, आणि धक्के खात जायची वेळ टळली.

मला ही गोष्ट आठवते ती त्या तीन आठवड्यांसाठी. त्या घरात कोणी वाईट नव्हतं. मुलांनी आईच्या मायेने झाकलं, आईने मुलांच्या मायेने झाकलं, आणि दोन्ही मायांच्या मध्ये तो मणका रात्रभर ठणकत राहिला. जी बाई चाफ्याचं मूळ उकरून बघायची, तिच्याही घरात असं झालं.

पावसाळ्याच्या तोंडाशी ती आठवड्यातून एकदा पुन्हा बाजारात येऊ लागली. टोपली नात उचलायची. एकदा एक माणूस बायकोला घेऊन समोर उभा राहिला. हातात फाइल होती. "टाटाला कसं जायचं?"

बाईने हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. टोपली नातीकडे दिली. "चला," म्हणाली. पायऱ्यांशी ती दम खायला थांबली. "आधी काही खाऊन घ्या, तिथे रांग मोठी असते. रात्री राहायचं झालं तर दादरलाच गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे." मग त्या बाईच्या हातात चाफ्याचं एक फूल ठेवून तिने विचारलं, "दुखतं कुठे?"