चाक पडलेलं कोणी पाहिलं?

भिलाईतल्या कोहक्याहून मुंबई-पुण्याला विमानानं जायचं तर आधी रायपूरचा माना विमानतळ गाठावा लागतो. २०१५ नंतर कित्येक वर्षं तिथं ये-जा करणाऱ्यांना एक परदेशी विमान नुसतंच उभं असलेलं दिसायचं. बांगलादेशच्या युनायटेड एअरवेजचं ते एमडी-८३. ७ ऑगस्ट २०१५ रोजी ढाक्याहून मस्कतला निघालेलं हे विमान एक इंजिन बिघडल्यामुळे १७३ प्रवाशांसह रायपूरला उतरलं. प्रवासी दुसऱ्या विमानानं पुढे गेले, वर्षभरात कंपनीच बंद पडली आणि विमान राहून गेलं. उभं राहण्याचं भाडं चढत चढत कोटींत पोचलं. विसरलेली छत्री मागायलासुद्धा माणूस परत येतो, इथं अख्ख्या विमानाला कोणी वाली नाही!

पण एवढं धूड मागे राहिलं तर त्याचा त्रास हिशेबाच्या वहीपुरता. विमानाच्या बाबतीत धसका घ्यावा तो बारीकसारीक वस्तूंचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाई दलाचं एक व्हॉयेजर विमान अफगाणिस्तानकडे चाललं होतं. कॅप्टनचा कॅमेरा खुर्चीचा हात आणि बाजूची नियंत्रणदांडी यांच्यामध्ये ठेवलेला. खुर्ची पुढे सरकवली, कॅमेऱ्यानं दांडी दाबली आणि विमान २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं. मागची माणसं छतावर आपटली. कॅमेऱ्यावरच्या खुणा खुर्चीच्या हाताशी जुळल्या, तेव्हा कुठे उलगडा झाला. आपल्याकडे २०२३ च्या होळीला दिल्ली-गुवाहाटी विमानात दोघा वैमानिकांनी करंजी खाता खाता कॉफीचा पेला मधल्या नियंत्रणफळीवर ठेवला. फोटो बाहेर आला आणि स्पाइसजेटनं दोघांनाही उड्डाणावरून उतरवलं. काहींना ही शिक्षा कडक वाटली. मला नाही वाटली. त्याच फळीवर इंजिनाचं इंधन बंद करणारे खटके असतात, आणि सणाची करंजी तीन तासांनी खाल्ली तरी गोडच लागते.

आणखी एक उदाहरण मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २ ऑक्टोबर १९९६ ला मध्यरात्रीनंतर लिमाहून एरोपेरूचं बोइंग ७५७ उडालं. विमान धुताना, हवेचा दाब मोजणाऱ्या छिद्रांत पाणी जाऊ नये म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावली होती. काम झाल्यावर ती काढायची राहिली. पट्टी रुपेरी, विमानाचं अंगही रुपेरी. उड्डाणापूर्वीच्या फेरीतही ती दिसली नाही. छिद्रं बंदच राहिल्यानं उंची किती, वेग किती, कसलाच भरवसा उरला नाही. विमान समुद्रात कोसळलं आणि सत्तरच्या सत्तर माणसं गेली.

वैमानिक सर्वांत पुढे बसतो, त्यामुळे सगळं त्याला दिसतं असा आपला समज. खरं तर स्वतःच्या विमानातलंच त्याला फार थोडं दिसतं. चाकांचंच घ्या. समोरचे तीन हिरवे दिवे लागले की चाकांचे पाय खाली येऊन पक्के बसले, एवढं कळतं. त्या पायाच्या टोकाला चाक आहे का, हे सांगणारा दिवा नसतो. ते कोणाच्या तरी डोळ्यांनीच पाहावं लागतं.

६ मे २०२१. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे दिवस. नागपूरहून एका रुग्णाला घेऊन एक छोटं रुग्णवाहू विमान उडालं आणि उडताना त्याचं एक चाक निखळून खाली पडलं. पाहिलं कोणी? विमानतळावर पहाऱ्याला असलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानानं. त्याचं काम माणसांवर नि कुंपणावर नजर ठेवण्याचं. विमानाच्या दुरुस्तीशी त्याचा काही संबंध नाही. ‘आपल्याला काय करायचंय, ज्याचं तो बघेल,’ असं म्हणून तो गप्प बसला असता तरी कोणी त्याला जाब विचारला नसता. त्यानं कळवलं. निरोप नियंत्रण कक्षामार्फत वैमानिकापर्यंत गेला. विमान मुंबईला आणलं, धावपट्टीवर फेस पसरला आणि चाकं बाहेर न काढताच ते रात्री पोटावर उतरवलं. आतले पाचही जण सुखरूप. कौतुक वैमानिकाचं झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण आपलं चाक नाही हे त्याला कळलं, ते खालच्या त्या एका माणसाच्या तोंड उघडण्यामुळे.

याच्या उलट पॅरिस, २५ जुलै २०००. आधी उडालेल्या एका डीसी-१० ची, हातभरही लांब नसलेली धातूची पट्टी धावपट्टीवर पडली. पाच मिनिटांनी त्याच पट्टीवरून काँकॉर्डचं चाक गेलं, टायर फुटला, त्याचा तुकडा इंधनाच्या टाकीवर आदळला आणि ११३ जीव गेले. त्या पाच मिनिटांत ती पट्टी कोणाच्याच नजरेला पडली नव्हती.

भिलाईकरांना हे परकं वाटू नये. २०२२ मध्ये नौदलात आलेल्या ‘विक्रांत’साठी जे पोलाद लागलं, त्यातलं काही आपल्या प्लांटमधून गेलं. विमानवाहू जहाजांवर उड्डाणं सुरू होण्याआधी माणसं एका रांगेत उभी राहतात आणि खाली बघत डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. खिळा, वायसर, तारेचा तुकडा, जे दिसेल ते उचलायचं. इंजिन समोरचं सगळं आत ओढतं, त्याला वायसर काय नि हवा काय. विमानाच्या दुरुस्तीच्या जागीही प्रत्येक पान्याला फळ्यावर ठरलेली जागा असते. एक जागा रिकामी दिसली की विमान थांबतं.

थांबतं खरं, पण ‘माझा पाना सापडत नाहीये’ हे कोणीतरी बोलावं लागतं. आणि ते बोलणं जड असतं. शटडाऊन लांबलेला, वरून फोनवर फोन, शिफ्ट संपत आलेली, अशा वेळी ते किती जड असतं हे कोहक्यात ज्यांच्या घरात कोणी प्लांटला ड्यूटीवर जातं त्यांना सांगायला नको. विमानवाल्यांनी यावर एक उपाय काढला. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांच्या, तंत्रज्ञांच्या चुकांचे कबुलीजबाब गोळा करते. अर्जाच्या वर नाव-पत्त्याची वेगळी पट्टी असते. ती फाडून, शिक्का मारून, लिहिणाऱ्यालाच परत पाठवतात. जे घडलं तेवढं त्यांच्याकडे राहतं.

आपल्या कित्येक कारखान्यांत मात्र अजून हरवलेल्या पान्याबद्दलचा पहिला प्रश्न ‘कोणाचा होता?’ हाच असतो. ‘शेवटचा कुठं वापरला?’ हे त्यानंतर, तेही आठवलं तर.