पाठीवरची सही

पूर्वी अफवा पसरवणं हे अंगमेहनतीचं काम होतं. तीन जिने चढायचे, कडी वाजवायची, "कुणाला सांगू नका हं" असं बजावून सगळं सांगायचं, चहा प्यायचा आणि पुढच्या बिऱ्हाडाकडे वळायचं. शिवाय सांगणाऱ्याचा चेहरा समोर असायचा. तो पाहूनच शहाणी माणसं बातमीतले बारा आणे वजा करीत. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितोय ही वार्ता एका दिवसात देशभर गेली खरी, पण त्यासाठीही लोकांना फोन फिरवावे लागले होते. आता नुसता अंगठा पुरतो. आणि आमच्या बँकेत तर अंगठा साक्षीदाराशिवाय चालत नाही!

आमच्या पवईच्या सोसायटीचाही व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. १८९१ साली बांधलेल्या पवई तलावात मगरी आहेत, हे अगदी खरं. त्यामुळे पहिल्या पावसाबरोबर ग्रुपवर मगर येणार, हे ठरलेलं. गेल्या खेपेची मगर भर रस्त्यात चालत होती आणि मागच्या दुकानावर तेलुगू पाटी होती. मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हळूच म्हटलं, "काका, ही मगर पवईची दिसत नाही."

"अरे, मी कुठं म्हणतो आहे म्हणून? मला आलं, मी पुढे ढकललं. आपण आपले पोस्टमन!"

काकांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. नुसतं पुढे ढकलणाऱ्यावर काही जबाबदारी येते का? पोस्टमन म्हणावं, तर तो बिचारा बंद पाकीट पत्ता वाचून एकाच घरी देतो. पाकीट फोडून, आतला मजकूर वाचून, आवडल्यास त्याच्या प्रती आळीभर वाटणाऱ्या माणसाला टपालखातं एक दिवस तरी ठेवील का?

मी कॉमर्सचा माणूस. तत्त्वज्ञान असं काही आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं, पण १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट होता. एकाच्या नावचा चेक दुसऱ्याला द्यायचा, तर पाठीवर सही करावी लागते. पुढे तो वटला नाही, तर ज्याच्या हातात राहिला त्याला भरून देण्याची जबाबदारी त्या सहीवाल्यावर येते. ती नको असेल, तर सहीसोबत 'विदाउट रिकोर्स' असं स्पष्ट लिहावं लागतं. म्हणजे काय, तर 'बुडालात तर माझ्याकडे येऊ नका.' असा कागद समोर आला की घेणारा चष्मा पुसून पुन्हा वाचतो. आपलं 'आलं तसं पाठवलं' म्हणजे हेच 'विदाउट रिकोर्स'. फरक इतकाच, की ते वाचून कुणी चष्मा पुसत नाही. उलट म्हणतात, "काकांनी पाठवलंय, म्हणजे खरंच असणार." काका मजकूर पाठवत नाहीत, आपली पत पाठवतात. मूळ लिहिणाऱ्याला कुणी ओळखत नाही. मेसेज चालतो तो काकांच्या नावावर.

आणि न वटलेल्या मेसेजची भरपाई कोण करणार? २०१८ साली मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज गावोगाव फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्या कितीतरी जणांनी मुलांच्या काळजीपोटीच पाठवले असतील. ह्या काळजीवाल्यांनी दगड उचलला नाही, काठी उचलली नाही. पाठीवर सही मात्र त्यांची होती.

म्हणून मी मेसेजला काउंटरवरचाच नियम लावतो. आधी तारीख. चेक तीन महिन्यांत शिळा होतो. २६ जुलै २००५ च्या पुराचा फोटो 'आत्ताचा' म्हणून आला, तर तो त्याहून शिळा. मग अंकी आणि अक्षरी रक्कम जुळते का, म्हणजे फोटो एक आणि मजकूर भलताच असं नाही ना? फोटो गूगल लेन्सला दाखवला, तर तो आधी कुठे छापून आला होता हे बऱ्याचदा कळतं. मग खाडाखोड: व्हिडिओ मध्येच तोडलेला तर नाही? शेवटी काढणाऱ्याची सही. दोन बाण दिसले, तर चेक बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समजावं. यातलं काही जुळलं नाही, तर अंगठा खिशात ठेवावा.

खरी अडचण पुढेच आहे. वडीलधाऱ्या माणसाला 'हे खोटं आहे' असं सांगायचं कसं? चारचौघांत, ग्रुपवर तर नाहीच. आम्ही बँकेत शंकेचा चेक फाडत नाही, कारण लिहिलेली चिठ्ठी लावून परत करतो. तसंच जिन्यात एकटं गाठून विचारावं, "काका, हे तुम्हाला कुठून आलं?" काका रुसतील, दोन दिवस लिफ्टमध्ये छताकडे बघतील. बघू देत. चेक परत आला की गिऱ्हाईक रागावतंच, पण पुढच्या खेपेला तारीख बघून येतं.